हरितगृहाला पंधरा दिवसांची थंडी हवी

लडाखच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की तेथे ताजी भाजी दुर्मीळ होते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये हिवाळी रात्रीचे तापमान उणे २० अंशांपर्यंत उतरू शकते. अशा ठिकाणी सौर हरितगृहाने मोठी सोय केली आहे. तीन बाजूंना मातीच्या विटांच्या जाड भिंती, दक्षिणेला पॉलिथिन आणि भिंतींत साठणारी दिवसाची उष्णता एवढ्या बळावर, इंधन न जाळता, पालक, मेथी, कोथिंबीर आणि पुदिना भर हिवाळ्यात मिळतो. या यशाचे श्रेय कोणीही नाकारणार नाही. परंतु जी ऊब भाजीला जगवते, तीच किडींनाही जगवते. याचा विचार विस्तार कार्यात पुरेसा होत नाही.

उघड्या शेतात कडक हिवाळा हा किडींचा सर्वांत प्रभावी नियंत्रक असतो. अशा प्रदेशात हिरवा मावा पीचसारख्या झाडांवरील अंड्यांच्या रूपाने हिवाळा काढतो, तर हरितगृहातील पांढरी माशी उघड्यावर तगत नाही. हरितगृहात मात्र हा खंड पडत नाही. माव्याच्या माद्या नराविना थेट पिलांना जन्म देत राहतात. त्यांना खाणारे ढालकिडे आणि परजीवी गांधीलमाश्या मात्र बंद हरितगृहात सहसा पोहोचत नाहीत.

हे नुकसान हिवाळ्यापुरते राहत नाही. वसंतात याच हरितगृहात कोबी, फुलकोबी आणि टोमॅटोची रोपे तयार होतात. रोपांबरोबर कीड शेतात जाते. हिरवा मावा हा बटाट्यावरील पानगुंडाळी विषाणूचा प्रमुख वाहक आहे, हे लक्षात घेतले तर एका हरितगृहातील दुर्लक्षाची किंमत शेजारच्या शेतालाही मोजावी लागते.

फवारणी हे यावरचे उत्तर नव्हे. पालेभाजी दर काही दिवसांनी खुडली जाते, त्यामुळे फवारणी आणि काढणी यांतील प्रतीक्षा कालावधी पाळणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय पाऊस नाही, वारा नाही, ऊनही पॉलिथिनमधून गाळून येते. त्यामुळे पानांवरील विषारी अवशेष उघड्या शेतापेक्षा अधिक काळ रेंगाळतात.

उपाय दाराबाहेरच उभा आहे. रोपवाटिकेपूर्वी, कडाका असतानाच, हरितगृह पंधरा दिवस पूर्ण रिकामे करावे. शेवटची भाजी काढून तण आणि पालापाचोळा बाहेर टाकावा, पुदिना जमिनीलगत कापावा. त्याची मुळे थंडी सोसतात. पाण्याची पिंपे रिकामी करून रात्री दारे-झरोके उघडे ठेवावेत. केवळ थंडीवर विसंबू नये. पांढऱ्या माशीची अंडी काही दिवस गोठण सोसू शकतात, म्हणून पानांचा अंशही राहता कामा नये. अन्न नाही आणि ऊब नाही, या दुहेरी कोंडीत कीड टिकत नाही. नंतर पिवळे चिकट सापळे लावून खात्री करावी, मगच बी पेरावे.

यावर रास्त आक्षेप आहे. ऐन टंचाईत पंधरा दिवस भाजी का सोडावी, आणि भिंतींतील साठलेली उष्णता का घालवावी? दोन शेजाऱ्यांनी आळीपाळीने हरितगृह रिकामे केले तर दोन्ही घरांत भाजी येत राहील. भिंती चार-सहा उन्हांत पुन्हा तापतात. किडीने पोखरलेला हंगाम तसा परत मिळत नाही.

महाराष्ट्रासारख्या प्रदेशात हिवाळ्याची ही मदत नाही. तेथे रिकामे हरितगृह उन्हाळ्यात बंद ठेवून उष्णतेकडून तेच काम करून घेता येते. तत्त्व एकच, पिकात खंड हवा. हरितगृहाचे अनुदान चौरस मीटरवर मोजले जाते. त्याबरोबरच्या प्रशिक्षणात पीकविरहित पंधरवड्यालाही स्थान मिळायला हवे. विस्तार कार्यकर्त्यांनी हरितगृहाच्या भेटीत उत्पादनाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: हे हरितगृह शेवटचे रिकामे कधी होते?