विश्लेषण : 15 ऑगस्टला माळशेजच्या वाटेवर स्वस्तात मुक्काम का मिळत नाही?

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, स्वातंत्र्यदिन शुक्रवारी होता. शनिवारी गोपाळकाला, मग रविवार. मुक्कामाची गर्दी दोन रात्रींत विभागली गेली. यंदा 15 ऑगस्ट शनिवारीच आहे. कल्याण-डोंबिवली, ठाण्याहून निघणाऱ्या बहुतेकांना टोकावडे-माळशेज पट्ट्यात तीच एक रात्र हवी आहे.

दर कशामुळे चढतात?

घाटमाथ्यावर एमटीडीसीचे पर्यटक निवास आहे. पण पावसाळी शनिवारी तिथे ऐनवेळी खोली मिळणे अवघड. घाटाखाली मुरबाड तालुक्यात फार्महाऊस आहेत, पण सुट्टीच्या दिवशी मालकाला अख्खे घर एकाच ग्रुपला देणे सोयीचे जाते. समजा, 12 जणांच्या बंगल्याचे एका रात्रीचे भाडे 12 हजार रुपये आहे. बाराजण आले तर माणशी हजार. चौघांचे कुटुंब आले तर तेच माणशी तीन हजार. त्यामुळे ‘महाग’ची झळ सर्वांना सारखी बसत नाही. आई-वडील आणि दोन मुले, हेच या हिशेबात सर्वाधिक अडकतात.

मग गावातली घरे?

नाणेघाटासाठी वैशाखरे, भैरवगडासाठी मोरोशी, गोरखगडासाठी देहरी. ट्रेकर या गावांत घरगुती जेवण घेतात, ओटीवर किंवा देवळात पथारी टाकतात. ऑगस्टच्या मध्यावर भातलावणी उरकलेली असते, त्यामुळे घरच्यांनाही ही कमाई हवी असते. तरीही यातली बरीच घरे ॲपवर सापडत नाहीत. वेगळे शौचालय, नीट फोटो, इंग्रजीतली माहिती, ऑनलाइन बुकिंग सांभाळणारा माणूस, हे सगळे जमवायचे कोणी?

कराचाही भाग आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या घरमालकाला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र त्याने खोली ॲपवरून दिली, तर दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या भाड्यावरील 5 टक्के जीएसटी ॲप कंपनीला भरावा लागतो. शिवाय कंपनीचे कमिशन. थेट फोनवर ठरवलेली खोली स्वस्त पडते, ती त्यामुळे.

नोंदणीची वाट सरकारने ठेवली आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले. ‘न्याहारी व निवास’ योजना त्याहून जुनी. दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. कोकणाने न्याहारी-निवासाचा फायदा चांगला उचलला. मुरबाड-शहापूरला मुंबई कितीतरी जवळ, तरी ‘होमस्टे’ म्हटले की डोळ्यांसमोर अजून कोकणच येते.

आगाऊ पैसे पाठवण्याआधी

सोशल मीडियावरचे फोटो कुठल्याही बंगल्याचे असू शकतात. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगावे, नोंदणी असल्यास प्रमाणपत्र मागावे, पूर्ण रक्कम आधी देऊ नये. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर मनाई आदेश काढते. पूर्वीचे कलम 144, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 163. खोली आरक्षित करण्याआधी आदेशातली ठिकाणे पाहावीत आणि धबधबाच बंद झाला तर आगाऊ रक्कम परत मिळणार का, हे मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे.

गाडी नसलेल्यांना शहापूर सोपे. आसनगाव, कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. मुरबाडला रेल्वे नाही. आणि सोमवारी रजा मिळत असेल, तर शनिवारऐवजी रविवार रात्रीचा भाव विचारून पाहावा.