नोटेवर मराठी आहे, कार्डावर का नाही?

खिशातली कोणतीही नोट काढावी आणि मागच्या बाजूचा भाषांचा रकाना पाहावा. पंधरा भाषांत रक्कम छापलेली असते. कन्नड चौथ्या ओळीत, कोकणी सहाव्या आणि मराठी आठव्या ओळीत. त्या रकान्यावरून आजवर कुठे दंगल झाली नाही, कुणाची अस्मिता दुखावली नाही. पण पैशाचे रूप आता बदलते आहे. नोटेची जागा कार्ड घेऊ लागले आहे आणि या बदलात मराठी माणसाची ती एक ओळ मुकाट्याने गळून पडते आहे. सीमाभागाने याकडे वेळीच पाहिले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

प्रथम हे कार्ड काय आहे ते समजून घेऊ. हाँगकाँगमध्ये १ सप्टेंबर १९९७ रोजी ‘ऑक्टोपस’ नावाचे कार्ड सुरू झाले. आगगाडी, बस, नाव सगळीकडे तेच एक कार्ड. पुढे दुकानातला किरकोळ बाजारही त्यावरच होऊ लागला. लंडनने २००३ साली ‘ऑयस्टर’ आणले. आपल्या देशात ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’चा प्रारंभ झाला. रुपे कार्डाच्या पायावर उभी राहिलेली ही योजना दिल्ली, मुंबई, पुणे, बेंगळुरू येथील मेट्रोंत आली, मुंबईच्या बेस्ट बसमध्येही आली. घोषणा होती ‘एक देश, एक कार्ड’.

या कार्डात एक बारीक चिप आणि तारेचे वेटोळे असते. कार्ड यंत्राजवळ नेले की यंत्राच्या रेडिओलहरींतूनच चिपला वीज मिळते, आणि क्षणार्धात भाड्याची रक्कम वळती होते. प्रवासासाठी ठेवलेली शिल्लक चिपमध्येच नोंदलेली असल्यामुळे त्या क्षणी मोबाइलची रेंज लागत नाही. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आता खेड्यापाड्यांत पोचली आहे, हे खरे. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात किंवा चोर्ला घाटात रेंज गेली की ती सोय लंगडी पडते. शिवाय शाळेला जाणारी मुले आणि वाकलेल्या म्हाताऱ्या यांच्या हाती कुठला आला स्मार्टफोन? त्यांना कार्ड सोपे.

म्हणजे कार्डाला आमचा विरोध नाही. उलट, या कार्डाची गरज बेंगळुरूपेक्षा आम्हांला अधिक आहे. सुट्ट्या पैशांवरून रोज होणारी कटकट, तिकिटाच्या पाठीवर कंडक्टरने लिहून दिलेले आणि उतरताना गडबडीत राहून गेलेले पाच रुपये, हे कुणाला सांगायला नको. त्यातून आमचे जगणेच दोन-तीन राज्यांत पसरलेले. शेत इकडे, सोयरीक चंदगडला, दवाखाना कोल्हापुरात, पोराची नोकरी गोव्यात. सकाळी वायव्य कर्नाटक परिवहनची बस, दुपारी महाराष्ट्राची एसटी आणि संध्याकाळी कदंबा, असा प्रवास आमच्याकडे नवलाचा नाही. इथे एक कार्ड चालणार नसेल, तर ते देशात अन्यत्र कुठे चालून काय उपयोग?

आणि ते चालू शकते, याचा पुरावा महामार्गावरच आहे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. मोटारीत बसणाऱ्याला किणीचा नाका महाराष्ट्राचा आणि कोगनोळीचा कर्नाटकचा, याचा विचारही करावा लागत नाही. काचेवरची एकच पट्टी दोन्हीकडे चालते. चारचाकीवाल्यासाठी सरहद्द पुसली गेली आणि बसने जाणाऱ्यासाठी ती तशीच राहिली. हा कुठला न्याय?

सवलतींचे पाहा. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील रहिवासी महिलांना साध्या बसमध्ये राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धे तिकीट आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. दोन्ही सरकारांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण महाराष्ट्राची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आणि कर्नाटकची कर्नाटकच्या. एकाच प्रवासात कुठे शून्य, कुठे अर्धे, कुठे पूर्ण असा हिशेब कंडक्टर आणि प्रवासी यांनी गर्दीत उभ्याउभ्या करायचा. ‘शक्ती’ जाहीर करतानाच त्यासाठी स्मार्ट कार्ड देऊ, असे कर्नाटक सरकारने सांगितले होते. असे कार्ड दोन्ही राज्यांनी मिळून ओळखले, तर हा हिशेब यंत्र करील. वाद मिटेल.

वाद म्हणजे काय, हे आम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये पाहिले. बेळगाव तालुक्यात बसमधल्या तिकिटाच्या बोलाचालीला भाषेचे वळण लागले. मारहाण झाली, दोन्ही राज्यांत बसगाड्या अडवल्या गेल्या आणि आंतरराज्य बससेवा विस्कळीत झाली. हाल झाले ते दोन्ही बाजूंच्या गरिबांचे. ज्यांना मोटारी आहेत, त्यांचे काही अडले नाही.

आता मुख्य मुद्दा. कुणी म्हणेल, कार्ड टेकवायला भाषा कशाला लागते? टेकवायला लागत नाही; पण अडल्यावर लागते. या कार्डाची एक गोम आहे. घरबसल्या पैसे भरले, तरी ते लगेच चिपवर उतरत नाहीत. यंत्राला कार्ड लावून शिल्लक अद्ययावत करून घ्यावी लागते. हे ज्याला कळले नाही, त्याला वाटते पैसे बुडाले. दुसरे असे, की कार्ड हरवले तर चिपवरची ही शिल्लक हरवलेल्या नोटेसारखीच गेली समजायची. या सूचना अर्जात बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. यंत्राच्या पडद्यावरची ओळ, मोबाइलवर येणारा संदेश, तक्रारीचा दूरध्वनी यांतले काहीच मराठीत नसेल, तर सही करणाऱ्याने नेमके काय मान्य केले? सही त्याची, अटी मात्र दुसऱ्याच्या भाषेतल्या.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे म्हणणे स्पष्ट आहे. ग्राहकांचे छापील कागद हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावेत. पण प्रादेशिक भाषा म्हणजे राज्याची राजभाषा, असा सोयीचा अर्थ लावला जातो आणि सीमाभागातील गावाच्या तोंडची भाषा चौथी ठरून बाहेर राहते. वास्तविक केंद्र सरकारचे १९५६ चे निवेदन आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेचा निर्णय पाहा. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात वा पालिका हद्दीत भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे त्यात मान्य झाले आहे. राज्यघटनेचे कलम ३५० तर संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला देते. कार्डाची तक्रार हेही गाऱ्हाणेच आहे.

हा कन्नडविरोध नव्हे. आमच्या शाळांतली मुले कन्नड शिकतात आणि शिकावीच. कन्नड पुसून मराठी लिहा, असे आम्ही म्हणत नाही. कन्नडशेजारी मराठी असू द्या, एवढेच म्हणतो. कागदी फलकावर जागा अपुरी पडते, ही सबब एकवेळ ऐकून घेता येईल. यंत्राच्या पडद्यावर जागेचा प्रश्नच नाही. भाषा निवडण्याचे आणखी एक बटण, एवढेच काम. आणि हीच मागणी महाराष्ट्राकडेही आहे. जत, अक्कलकोटच्या कन्नड भाषिकाला एसटीच्या यंत्रावर कन्नड मिळाली पाहिजे. आपल्याला जे हवे, ते दुसऱ्याला देण्याची तयारी नसेल, तर मागणीला वजन राहत नाही.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांनी एकमेकांची कार्डे स्वीकारावीत. सवलतींचा हिशेब कार्डावरच व्हावा. सीमेवरच्या तालुक्यांत धावणाऱ्या बसमधील यंत्रे, पावत्या, संदेश व तक्रार केंद्र यांत कन्नड आणि मराठी दोन्ही असाव्यात. आणि रोख पैसे देऊन तिकीट घेण्याचा मार्ग कुणासाठीही बंद होऊ नये.

काही काम आपल्याकडेही आहे. एटीएमवर भाषा निवडा म्हटले, की आमचा शिकलेला तरुण इंग्रजीचे बटण दाबतो. जिथे मराठीचे बटण आहे, तिथे ते न दाबले तर उद्या ते काढून टाकायला निमित्त मिळेल. ग्रामपंचायतींनी ठराव करावेत, महिला मंडळांनी निवेदने द्यावीत, तरुणांनी गावातल्या वडीलधाऱ्यांना कार्डावरची शिल्लक कशी पाहायची हे मराठीत समजावून सांगावे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालय आपल्या गतीने जाईल. बसमधल्या यंत्रावर दोन भाषा येण्यासाठी मात्र कुणाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.