पायथनची हरकत रास्त आहे

वापरणाऱ्यास त्याचे वय विचारावे आणि ते १८ किंवा त्याहून अधिक असल्यास मतदानाचा अधिकार आहे असे पडद्यावर छापावे, एवढा साधा प्रोग्राम लिहिणाऱ्या नवशिक्या विद्यार्थ्याला पायथन जेव्हा ‘टाइप एरर’ दाखवून मध्येच थांबवते, तेव्हा शिक्षक बहुधा ‘इनपुटभोवती इंट लिहा’ एवढाच हुकूम देऊन पुढील धड्याकडे वळतात, आणि ज्या क्षणी खरे शिक्षण घडावयाचे तोच क्षण वाया जातो. कळफलकावरून आलेले उत्तर इनपुट हे फलन नेहमी मजकूर म्हणूनच हाती देते. त्या मजकुराची संख्येशी लहानमोठेपणाची तुलना करण्यास पायथन नकार देते, आणि हा नकार माझ्या मते अत्यंत रास्त आहे.

पूर्वी तो नव्हता. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा तुलनेस मुभा होती, आणि मजकूर हा कोणत्याही संख्येहून मोठाच, असा निवाडा ती मुकाट्याने देत असे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही मुभा रद्द केली. समानतेच्या तपासणीत मात्र तो मुकेपणा आजही शिल्लक आहे: १८ असे टंकलेले उत्तर १८ या संख्येशी समान आहे काय, असे विचारल्यास कोणतीही तक्रार न करता ‘नाही’ असे उत्तर येते, आणि विद्यार्थी आपल्या तर्कातील दोष शोधत तासन्‌तास बसतो.

याहून घातक असा एक उपाय मुले स्वतःच शोधून काढतात. तक्रार मिटावी म्हणून ती १८ या संख्येलाच अवतरणचिन्हे लावतात. तक्रार खरोखरच मिटते, परंतु आता तुलना शब्दकोशातील क्रमाप्रमाणे, पहिल्या अक्षरापासून होऊ लागते. नऊ हा अंक एकाच्या पुढचा, म्हणून ९ वर्षांचे बालक मतदार ठरते. शंभरातील दुसरे अक्षर शून्य आणि अठरातील आठ, म्हणून १०० वर्षांच्या वृद्धाचा अधिकार नामंजूर होतो. प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि निकाल मात्र सर्वस्वी चुकीचा देतो.

मराठी कळफलक वापरणाऱ्या मुलांसाठी तर हा भेद अधिकच मोलाचा आहे. देवनागरीतील १८ आणि रोमन लिपीसोबत वापरले जाणारे 18 हे मजकूर म्हणून पायथनला भिन्न वाटतात. तथापि ‘इंट’ दोन्ही निःसंकोच स्वीकारते आणि दोहोंतून एकच संख्या सिद्ध करते. अक्षरांनी लिहिलेला ‘अठरा’ मात्र ते ‘व्हॅल्यू एरर’ दाखवून परत पाठवते.

म्हणून शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, ‘इंट’ सांगण्यापूर्वी तो अवतरणचिन्हांचा प्रोग्राम वर्गात चालवावा, त्याला ९ आणि १०० ही दोन वये द्यावीत, आणि निकाल असा का आला हे मुलांनाच विचारावे.