साडेतीन हजार शब्द आणि शून्य पानं

जीआरईसाठी शब्दांच्या याद्या पाठ करणं हा नागपुरातला सर्वांत प्रतिष्ठित टाइमपास आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. टाइमपास म्हटल्यावर काही जणांना राग येईल, कारण हे लोक पहाटे पाचला उठून, अलार्म लावून, शिस्तीत तो करतात. पण शिस्तीत केला म्हणून टाइमपासचा अभ्यास होत नाही, मंडळी.

लोकमान्य नगरहून बर्डीकडे येणाऱ्या मेट्रोत कधीही बसा. हिंगणा रोडच्या कॉलेजांतली दोन-चार पोरं मोबाइलवर कार्डं सरकवताना हमखास दिसतील. पुढच्या बाजूला एक अवघड शब्द, मागच्या बाजूला एक सोपा. 'ॲबेट' म्हणजे कमी होणे, सरकव. 'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या, सरकव. 'लोक्वेशस' म्हणजेही बडबड्या, सरकव. झाशी राणी चौक येईपर्यंत चाळीस शब्द 'झाले'. झाले म्हणजे नेमकं काय झाले, हे कुणी विचारत नाही.

ही याद्यांची परंपरा आली कुठून, ते आधी बघू. एके काळी तिला अर्थ होता. जुन्या जीआरईत एक शब्द नुसता उघडा-नागडा समोर टाकायचे आणि त्याचा विरुद्धार्थी विचारायचे. शब्दजोड्यांचेही प्रश्न असायचे, अमुकचं तमुकशी जे नातं तेच कुणाचं कुणाशी, अशा छापाचे. तिथे मागचापुढचा संदर्भच नसायचा. शब्द माहीत असेल तर मार्क, नसेल तर राम राम. त्यामुळे बॅरन्सच्या पुस्तकातली ती प्रसिद्ध साडेतीन हजार शब्दांची यादी, 'अबेस'पासून 'झेफर'पर्यंत, पोरं घोकायची आणि त्यात शहाणपण होतं.

मग ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षा बदलली. विरुद्धार्थी गेले, शब्दजोड्या गेल्या, २०० ते ८०० ची मोजपट्टी जाऊन १३० ते १७० ची आली. सप्टेंबर २०२३ मध्ये तर अख्खी परीक्षा कापून दोन तासांच्या आत आणली. आता व्हर्बलचे एकूण २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं. त्यातले साधारण निम्मे उताऱ्यावरचे. उरलेल्यांत वाक्यातल्या गाळलेल्या जागा, त्याही अशा की एका वाक्यात तीन जागा असतील तर तिन्ही बरोबर आल्याशिवाय मार्क शून्य. म्हणजे सुटा शब्द विचारणारा एकही प्रश्न उरलेला नाही. पण हॉस्टेलवर सीनियरने ज्युनियरला दिलेली यादी मात्र चालूच आहे. आधी झेरॉक्स होती, मग पीडीएफ झाली, आता ॲप. परीक्षा बदलून दीड दशक होत आलं तरी आपण जुन्याच सिलॅबसचे पेपर सोडवतोय!

शिवाय या याद्या पूर्ण कुणी करत नाही. रोज तीस शब्द धरले तरी साडेतीन हजारांना ११७ दिवस लागतात, तेही उजळणी न करता. त्यामुळे प्रत्येक उमेदवार 'ए'पासून 'सी'पर्यंत पंडित असतो आणि 'एम'नंतर अडाणी. (हा 'पंडित' इंग्रजीत गेलाय, याद्यांमध्येही असतो. आपल्या जगन्नाथाचा 'जगरनॉट' पण असतो. पोरं तोही कार्डावर लिहून पाठ करतात, बोला!)

पण समजा, एखाद्याने केल्या पाठ साडेतीन हजार. पुढे काय? शब्द 'येतो' म्हणजे त्याच्यापुढे दुसरा शब्द लिहिता येतो, ही कल्पनाच चुकीची आहे, आणि हे आपल्याला मराठीत इतकं स्वच्छ कळतं की सांगायचीही गरज पडू नये. चाणाक्ष, बेरकी, धूर्त, लबाड, हुशार. यादीत हे पाचही एका ओळीत बसतील. आता शेजारच्या काकूंना सांगा की 'तुमचा मुलगा फार चाणाक्ष आहे'. चहा मिळेल. मग सांगून बघा, 'तुमचा मुलगा फार बेरकी आहे'. हा फरक आपल्याला कुणी कार्डावर शिकवला नाही. हजार वेळा ऐकून, वाचून, कोण कुणाला कधी काय म्हणतं हे बघून तो अंगात मुरला. इंग्रजी शब्दांचंही तेच आहे, त्यांना काही वेगळा कायदा लागू नाही.

आणि जीआरईवाले तर मुद्दाम तिथेच पकडतात. त्यांचा खरा सापळा अवघड शब्दांत नसतोच, तो असतो सोप्या शब्दांत. 'क्वालिफाय' घ्या. आपल्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल, क्वालिफाय होणे म्हणजे पात्र ठरणे. पण उताऱ्यात लिहिलेलं असतं की समीक्षकाने त्या कादंबरीची 'क्वालिफाइड' स्तुती केली. तिथे अर्थ आहे हातचं राखून केलेली, अटी-शर्ती लावलेली स्तुती. पोरगं बिचारं 'पात्र समीक्षकाने केलेली स्तुती' असं समजून पुढचे तिन्ही प्रश्न घालवतं. 'सँक्शन'चं तसंच. घरी एज्युकेशन लोन सँक्शन झालं की पेढे वाटतात, आणि एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लावल्या की त्याचा व्यापार बंद पडतो. एकच शब्द, एकदा मंजुरी आणि एकदा निर्बंध. 'टेम्पर' म्हणजे राग, पण टीका 'टेम्पर' केली म्हणजे सौम्य केली. यातला एकही शब्द कुणी यादीतून पाठ करत नाही, कारण हे तर आपल्याला 'येतात' ना!

आता यावर नेहमीचा प्रतिवाद असतो: "भाऊ, तीन महिने हातात आहेत, कॉलेज चालू आहे, प्रोजेक्ट आहे. वाचनाची आवड लावत बसू का आता?" प्रश्न रास्त आहे. वाचन मुरायला वेळ लागतो हे मलाही मान्य. शेवटच्या महिन्यात चार-पाचशे नेहमीच्या शब्दांवर नजर फिरवायला माझी काहीच हरकत नाही. वाचलेला शब्द विसरू नये म्हणून कार्डं वापरणं तर उत्तमच. पण आधी शब्द कुठेतरी भेटलेला तर हवा! ओळखच नाही आणि उजळणी कसली करता? आणि तीन महिने कमी आहेत हे कारण देणाऱ्यांचे ते तीनही महिने यादीतच जातात, हे कसं काय?

खरं कारण वेगळं आहे. यादी मोजता येते. आज चाळीस झाले, उद्या ऐंशी होतील, बाबांना सांगता येतं, क्लासवाल्याला तक्त्यावर लिहिता येतं. वाचलेलं असं मोजता येत नाही. एक लांबलचक लेख दीड तास खातो, त्यातलं अर्धं कळत नाही, आणि संध्याकाळी हातात दाखवायला काहीच नसतं. आपण इंजिनियर लोक, आपल्याला प्रोग्रेस बार लागतो.

आणि क्लासवाल्यांना दोष तरी किती द्यायचा? धरमपेठेतल्या दोन खोल्यांत, तीन महिन्यांच्या फीत, चार वर्षांची भूक ते कशी भागवणार? इंजिनियरिंगची चार वर्षं आपण काय वाचतो ते आठवा. मूळ पुस्तक लायब्ररीत धूळ खात असतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात 'लोकल ऑथर' आणायचं, त्यातले आयएमपी प्रश्न खुणा करून घ्यायचे, मागच्या पाच वर्षांचे पेपर बघायचे, झाली डिग्री फर्स्ट क्लास. सलग दहा पानांचा युक्तिवाद वाचून, लेखक कुठे ठामपणे बोलतोय आणि कुठे माघार घेतोय, हे ओळखण्याची वेळ चार वर्षांत एकदाही येत नाही. मग जीआरईत क्वांटला १६८ आणि व्हर्बलला १४५ येतात आणि घरी निष्कर्ष निघतो, "पोराचं इंग्रजी कच्चं. मराठी मीडियमचा ना."

या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. कारण ते खोटं आहे, आणि पोरांना ते खरं वाटतं. माझ्या ओळखीत कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी मंडळी आहेत, त्यांचंही व्हर्बल तिथेच अडकलं. बोलण्याचा आणि वाचण्याचा संबंध वाटतो तितका नाही. आणि उमरेडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेला, पण घरी वडिलांच्या कपाटातलं सगळं मराठी वाचून संपवलेला एक पोरगा मला माहीत आहे. त्याला इंग्रजी उताऱ्यात शब्द अडायचे, युक्तिवाद अडायचा नाही. शब्द चार महिन्यांत भरून निघाले. उलटं झालेलं मी अजून पाहिलं नाही.

म्हणून माझा सल्ला ऐकून लोक हसतात, तरी देतो: सुरुवात मराठीतून करा. नरहर कुरुंदकरांचा एखादा लेख घ्या. हा माणूस समोरच्याची बाजू इतकी मन लावून मांडतो की बेसावध वाचकाला वाटतं, त्याचंही हेच मत आहे. मग येतो 'पण', आणि सगळं उलटतं. जीआरईचा उतारा नेमका हेच करतो, फक्त पंधरा ओळींत. किंवा इरावती कर्व्यांचं 'युगान्त' घ्या. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याचं इंग्रजी रूप खुद्द बाईंनीच केलं. एक प्रकरण मराठीत वाचा, तेच इंग्रजीत वाचा. कर्ण आणि द्रौपदी ओळखीचे असतात, त्यामुळे सगळं लक्ष वाक्यावर राहतं. आणि ग्रेस वाचून ज्यांचं डोकं शाबूत राहिलंय त्यांनी तर जीआरईला घाबरूच नये, तिथे निदान अर्थ एकच असतो :-)

शब्दांची हौसच असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. आपला रोजचा मराठी शब्द शोधायचा आणि साहेबाने त्यासाठी कुठले-कुठले इंग्रजी शब्द खर्ची घातलेत ते बघायचं. तिथे अर्थ आधीपासून आपल्या रक्तात असतो, फक्त इंग्रजी कपडे चढवायचे असतात.

जे कॅटवाले 'हे आमच्यासाठी नाही' म्हणून वाचायचं सोडणार होते, त्यांच्यासाठी: गेली काही वर्षं तिथे व्हर्बलच्या चोवीस प्रश्नांपैकी सोळा उताऱ्यांवर येतात. मिहानमधल्या आयआयएमच्या गेटपुढे फोटो काढायचाय ना? वाचा मग.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाही. एमएसला गेल्यावर आठवड्याला दोन-तीन पेपर वाचावे लागतात, तिथे यादी कामाला येत नाही. नोकरीतही नाही. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांना 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या तीन चिमुकल्या शब्दांचा अर्थ ठरवून देण्यासाठी १९९७ मध्ये एक स्वतंत्र दस्तऐवज काढावा लागला, आरएफसी २११९. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर टाळता येईल, पण परिणाम नीट समजून घेऊनच. मी एका टीमला 'शुड' म्हणजे 'मस्ट' समजून दोन आठवडे नको ते फीचर बांधताना पाहिलंय. त्या टीममधल्या सगळ्यांना 'गॅर्युलस' येत होतं.

असो. करायचंच असेल तर रोज एक तास, एक लांब लेख. 'स्मिथसोनियन' किंवा 'एऑन' फुकट आहेत. विषय न आवडणारा निवडा, परीक्षेत तोच येतो. वाचून झाल्यावर वहीत दोन वाक्यं, मराठीत चालतील: लेखकाचं म्हणणं काय, आणि त्याने विरुद्ध बाजूचं काय मान्य केलं. अडलेले शब्द त्यांच्या अख्ख्या वाक्यासकट उतरवा, नुसते नकोत. ईटीएसच्या दोन सराव परीक्षा फुकट मिळतात, त्यातली एक आजच देऊन टाका आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, शब्द अडला की वाक्य अडलं. दुसरी खऱ्या परीक्षेच्या दोन आठवडे आधीपर्यंत उघडू नका.