उद्यमनगरनं बाकडं घडवावं

पाइप आणि प्लायवूडची घडीची खुर्ची आता मांडववाल्यांच्या गोदामातही क्वचितच सापडते. नव्वदच्या दशकात एकात एक बसणारी प्लॅस्टिकची खुर्ची आली आणि तालमीपुढचे कार्यक्रम, गल्लीतल्या सभा, लग्नाचे मांडव सगळीकडे तीच दिसू लागली. स्वस्त, हलकी, पुसली की झालं. लोकांनी ती घेतली यात नवल नाही. तरीही एखादी जुनी खुर्ची हाती लागली तर उलटी करून बघावी. वाकवलेला पाइप, त्यावर रिव्हेटनं बसवलेली प्लायची बैठक, पाठीवर मंडळाचं नाव रंगवलेलं. रिव्हेट निखळला तर नवा ठोकता येई, सांधा सुटला तर कोपऱ्यावरचा वेल्डर दोन टाके मारून देई, प्लाय गेली तर सुतार नवी कापून बसवी. प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला की ती थेट भंगारात जाते.

लोखंड आणि प्लायच्या या जोडीला मोठी परंपरा आहे. १९२५च्या सुमारास जर्मनीत मार्सेल ब्रॉयर यांना सायकलच्या हँडलवरून पाइपच्या खुर्चीची कल्पना सुचली. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स यांनी महायुद्धात नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या प्लायच्या फळ्या केल्या आणि तीच हातोटी पुढे खुर्च्यांत उतरवली. याच दांपत्यानं १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्याच सुमारास एका घराच्या अंगणासाठी खुर्ची करायची वेळ आली, तेव्हा मात्र ते ॲल्युमिनियमकडे वळले.

उघड्यावर प्लायचा वैरी पाणी. प्लाय खराब होते ती कडेपासून: कापलेल्या बाजूनं ओल शिरते, थर फुगतात आणि एकेक पापुद्रा सुटतो. आपल्याकडे तर पावसाळा चार महिन्यांचा. पण यावर इलाज आहेत. ७२ तास उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारी आयएस ७१० दर्जाची प्लाय बाजारात मिळते. अखंड फळीऐवजी फटी ठेवून पट्ट्या लावल्या तर पाणी साचत नाही. कडा रंगानं नीट बंद कराव्यात, पट्ट्या नटबोल्टनं बसवाव्यात म्हणजे खराब झालेली तेवढीच बदलता येते. पाइपाला जस्ताचा मुलामा हवा आणि तळाशी एक छिद्रही. नाहीतर आत साचलेल्या पाण्यानं पाइप आतून सडतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो.

कोल्हापूरला अशी बाकं घडवणं अवघड नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्या आणि वर्कशॉप देशभरच्या गाड्यांना, पंपांना सुटे भाग पुरवतात. त्याच शहरात म्हाताऱ्या माणसानं मात्र सिमेंटच्या किंवा ग्रॅनाइटच्या बाकावर बसायचं: मे महिन्यात चटका देणारं, पावसात डबकं धरणारं, बऱ्याचदा पाठ नसलेलं. उठताना धरायला हात नाही, म्हणून गुडघ्यावर भार देऊन उठावं लागतं. हे मला फार लागतं. कारण बसणाऱ्याचा विचार करण्याची रीत या गावाला नवी नाही. शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. उतरत्या गोल बैठकीमुळे मागच्या माणसालाही कुस्ती दिसते.

रंकाळा तलावासाठी पुढची बाकं घेताना महापालिकेनं छापील यादीतून तयार माल मागवू नये. शहरातल्या कारखानदारांकडून आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांकडून नमुने मागवावेत. अट एवढीच ठेवावी: बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, पाठ आणि दोन्ही हात असलेली, आणि प्रत्येक भाग गावातल्या गावात बदलता येणारा. निवडक नमुने दोन पावसाळे तलावाकाठी उघड्यावर ठेवावेत, रोज फिरायला येणाऱ्यांना त्यांवर बसू द्यावं आणि मगच मोठी ऑर्डर द्यावी.