हातात पाना घ्यावा, पण…

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडात लीड्सला गेलो होतो. पहिल्याच रात्री लक्षात आलं, की आमच्या खोलीतला रेडिएटर वरून कढत आणि खालून गार. रेडिएटर म्हटलं की आपल्याला मोटारीतला आठवतो. तिकडे तो घरोघरी असतो. भिंतीला टांगलेली पोलादी पत्र्याची चपटी पेटी. गॅसच्या बॉयलरमध्ये तापलेलं पाणी नळ्यांमधून तिच्यात येतं, खोलीला ऊब देतं आणि पुन्हा तापायला परत जातं. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाचाच हा लांबचा भाऊ म्हणा ना!

"प्लंबरला बोलव," मी म्हणालो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मीच बदलणार आहे. तुम्ही फक्त एका बाजूनं धरा."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. एवढा शिकलेला मुलगा सुट्टीच्या दिवशी गुडघे टेकून नट सोडवणार? पण बघत राहिलो. रेडिएटरच्या खाली दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह असतात. आकडे लिहिलेला व्हॉल्व्ह त्यानं सरळ बंद केला. दुसऱ्याचं टोपण काढून तो पान्यानं फिरवताना मात्र म्हणाला, "किती फेरे होतात ते मोजा." सगळ्या खोल्यांना सारखं गरम पाणी मिळावं म्हणून तो ठरावीकच उघडा ठेवलेला असतो, नवीन पेटी बसवल्यावर तो तेवढाच उघडायचा. मोजणं हा माझा जन्माचा धंदा. दीड फेरा! कागदावर लिहून ठेवला.

मग खाली परात, भोवती जुने टॉवेल. नट सैल केला, वरची हवेची किल्ली उघडली आणि शाईसारखं काळं पाणी आलं. आतून पत्रा गंजून तो गाळ तळाशी साचला होता, म्हणून खालची बाजू गार. त्याच मापाची नवीन पेटी दोघांनी उचलून टांगली, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, नट आवळले, पाणी सोडलं. अडकलेली हवा वरच्या किल्लीतून फुसफुसत गेली. बॉयलरवरचा काटा एक ते दीड बारच्या मध्ये आला आणि तासाभरात खोली ऊबदार झाली.

मंडळी, मी बँकेत चौतीस वर्षं काढली. उद्यमनगरातल्या कितीतरी कारखानदारांच्या लेथ मशीनच्या कर्जांवर सह्या केल्या. यंत्राची किंमत मला कळायची, यंत्र कळत नव्हतं. घरातल्या नळाचा वायसर कधी बदलला नाही, आणि तो बदलायला येणाऱ्या मेस्त्रीशी मात्र दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस केली. आणि हे कुठे, तर ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यावर १९२० सालचा 'सैरंध्री' काढला, त्या गावात! हातानं काम करणारा तो खालचा आणि सही करणारा तो वरचा, हे खूळ आपल्या मध्यमवर्गाच्या डोक्यात फार घट्ट बसलंय. एकदा नट आवळून बघा. मेस्त्रीच्या मजुरीत काय काय असतं ते चटकन कळतं.

पण गोष्ट इथं संपत नाही. उत्साहाच्या भरात मी म्हणालो, "आता बॉयलरही उघडून बघू." मुलानं माझ्या हातातला पाना काढून घेतला. "बाबा, पाण्याचं काम आपलं. गॅसचं नाही." तिकडे 'गॅस सेफ' या नोंदवहीत नाव असलेल्या कारागिरालाच ते काम द्यायचं. ही नोंदवही २००९ पासून आहे.

तेव्हा मला आमच्या घरातलं न्हाणीघर आठवलं. आत गॅसचा गिझर, एक लहानशी खिडकी आणि थंडीत तीही बंद. आमच्या सौभाग्यवतींना दोनदा आंघोळ करून बाहेर येताना चक्कर आली होती. आम्ही ती रक्तदाबाच्या खाती जमा केली होती! बंद जागेत गॅस जळताना हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडर गळला तर निदान वास तरी येतो. हा काहीही न सांगता माणसाला बेशुद्ध करतो. थंडीच्या दिवसांत न्हाणीघरात माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

कोल्हापूरला परतल्यावर पहिलं काम केलं. जाणत्या मेस्त्रीला बोलावून गिझर बाहेर मोकळ्या हवेत नेला. आत फक्त गरम पाण्याची नळी. मजुरी सांगितली तेवढी दिली. नळाचा वायसर मात्र मी स्वतः बदलला. दोनदा गळला, तिसऱ्यांदा बसला.

वाचकहो, आज रविवार आहे. पाना हातात घ्या, पाण्याचं किरकोळ काम खुशाल स्वतः करा, मुलांनाही शेजारी बसवा. पण त्याआधी न्हाणीघराचं दार उघडून आत गॅसचा गिझर आहे का, तेवढं बघून या. असेल, तर उद्याच मेस्त्रीला निरोप धाडा.