कॉलेज संपलं, की खेळही संपतो?

मुलींच्या खेळाची बातमी आपल्याकडे बहुधा पदक मिळालं की येते. हारतुरे होतात, पेढे वाटले जातात, आई-वडिलांचा फोटो छापून येतो. पण जिला पदक मिळालं नाही, जी कॉलेजच्या टीममधून तीन वर्षं इमानेइतबारे खेळली, तिचं पुढे काय झालं? हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. खरं तर मुलींच्या खेळाचं भवितव्य याच प्रश्नात आहे.

मनमाडचंच उदाहरण घेऊ. या गावाने मुलींच्या खेळात नाव काढलेलं आहे. आकांक्षा व्यवहारे ही मनमाडची मुलगी. जून २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या लिऑन शहरात युवा जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. तिथे ४० किलो वजनगटात तिने ५९ आणि ६८ असं मिळून १२७ किलो वजन उचललं आणि रौप्यपदक आणलं. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त! ज्या गावाने उन्हाळ्यात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणारं नळाचं पाणी वर्षानुवर्षं सोसलं, त्या गावातून हे घडलं. पाणी भरायचं काम घरात कुणाच्या वाट्याला येतं, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

मग वेटलिफ्टिंगमध्ये जमलं ते बास्केटबॉलमध्ये का अवघड जातं? वेटलिफ्टिंगला एक व्यायामशाळा, एक जिद्दी प्रशिक्षक आणि एक मुलगी एवढ्यावर सुरुवात होते. बास्केटबॉलचं तसं नाही. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद कोर्ट हवं. मैदानात पाच जणी, राखीव धरून बारा. शिवाय रोजच्या सरावाला समोर दुसरी टीम हवी. एकीचं लग्न ठरलं, दुसरी नर्सिंगला गेली, तिसरीच्या घरून संध्याकाळी सोडेनात, की उरलेल्या मुली कितीही चांगल्या असोत, त्यांचा खेळ बसलाच! वैयक्तिक खेळात एक मुलगी टिकली तरी भागतं. सांघिक खेळात दहा-बारा घरांनी एकाच वेळी ‘हो’ म्हणावं लागतं.

म्हणूनच छोट्या गावात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीसाठी कॉलेजची वर्षं मोलाची. पुणे विद्यापीठाच्या रचनेत ती आधी कॉलेजकडून खेळते, मग नाशिक विभागाच्या संघात निवड, मग आंतरविभागीय स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि पुढे पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. कागदावर शिडी सरळ दिसते. पण मनमाडहून नाशिक सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. निवड चाचणीला जायचं तर पहाटेची गाडी, परतायला रात्र. सोबत कोण जाणार, हा पहिला प्रश्न. तो मुलाच्या वेळी विचारला जातो का?

पुण्यासारख्या शहरात चित्र वेगळं. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या महिला बास्केटबॉल संघाचं नेतृत्व केलं. गुणवत्ता आणि कष्ट तिचेच, यात वाद नाही. पण शहरात शाळेपासून कोर्ट मिळतं, क्लब मिळतो, खेळायला बरोबरीच्या मुली मिळतात. हे सगळं मिळूनही पुढचा प्रश्न सुटत नाहीच : कॉलेज संपल्यावर पोट कशावर भरायचं?

आपल्याकडे महिला क्रिकेटला २०२३ पासून प्रीमियर लीग मिळाली, पैसा आला. महिला बास्केटबॉलची टिकून राहिलेली अशी मोठी लीग नाही. इथे खेळाडूची लीग म्हणजे सरकारी नोकरी आणि त्यातही रेल्वे! रेल्वेचं क्रीडा मंडळ १९२८ पासून आहे आणि रेल्वेच्या मुलींनी राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा कितीतरी वेळा जिंकली आहे. चेन्नईच्या अनिता पॉलदुराईचं पाहा. दक्षिण रेल्वेत नोकरी, भारतासाठी नऊ आशियाई स्पर्धा. मूल झाल्यावरही ती परत कोर्टवर उतरली. २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ‘ब’ गटात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, तेव्हा ती त्या संघात होती. २०२१ मध्ये तिला पद्मश्री जाहीर झाली. पाठीशी पगार आणि सरावाची सवलत देणारी नोकरी नसती, तर बाळंतपणानंतर परत खेळणं किती जणींना परवडलं असतं?

ही नोकरी मिळते कशी? खेळाडू म्हणून रेल्वेत थेट भरती होते ती साधारण १८ ते २५ या वयात. राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ पातळीवरची कामगिरी पाहिली जाते. महाराष्ट्र सरकारनेही २००५ पासून नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवलंय. आता हे १८ ते २५ वय नीट पाहा. मुलीला ‘स्थळं’ यायला लागतात तीही याच वर्षांत. भरतीची दारं आणि लग्नाची घाई एकाच वेळी येते आणि बहुतेक घरांत जिंकतं कोण, हे आपण जाणतो. मुलगा असेल तर ‘भरती होऊ दे, मग बघू’ म्हणतात. मुलीच्या वेळी ‘आता पुरे झाला खेळ’.

अमेरिकेत तरी सगळं आलबेल असेल, असं वाटतं ना? तिथे १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींना डावलायला बंदी केली. त्यातून कॉलेजांमध्ये मुलींच्या टीम आणि शिष्यवृत्त्या वाढल्या. बंगळुरूची संजना रमेश अशाच शिष्यवृत्तीवर तिकडे कॉलेजकडून खेळली. २०२४ मध्ये तिथल्या कॉलेज मुलींच्या अंतिम सामन्याला पावणेदोन कोटींहून जास्त प्रेक्षक लाभले, मुलांच्या सामन्यापेक्षा जास्त! हे पहिल्यांदाच घडलं. त्या सामन्यातली केटलिन क्लार्क पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेली, तेव्हा तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता जेमतेम साडेशहात्तर हजार डॉलर. पुरुषांच्या लीगमधल्या नवख्याला याच्या कितीतरी पट मिळतात. म्हणजे प्रेक्षक आले तरी पैसा मागून, रडतखडत येतो. पण कायद्याने दार उघडल्यावर पन्नास वर्षांत काय होऊ शकतं, हेही तिथेच दिसतं.

मनमाड हे तर रेल्वेनेच वाढवलेलं गाव. रेल्वेची नोकरी घराला कशी उभी करते, हे इथल्या कितीतरी कुटुंबांनी अनुभवलंय. तीच नोकरी मुलगी चेंडूच्या जोरावर मिळवू शकते, हे मात्र घरोघरी पोचलेलं नाही. ते पोचवायचं काम कॉलेजांचं आहे. मुलींच्या टीमला ‘हजेरीपुरती’ टीम न समजता रोजचा सराव, स्पर्धेला जाताना सोबत शिक्षिका आणि प्रवासखर्च, एवढं तरी द्यायला हवं. क्रीडा प्रमाणपत्र कोणतं, त्याची पडताळणी कुठे, भरतीच्या जाहिराती कधी निघतात, हे पहिल्याच वर्षी मुलींना आणि पालकांना बसवून सांगायला हवं. तिसऱ्या वर्षी सांगून उपयोग नाही, तोवर टीम पांगलेली असते.

आणि आयांनो, एक विनंती तुम्हालाही. पोरगी घामेजून संध्याकाळी घरी आली, की ‘किती दिवस चालणार हे?’ असं विचारू नका. पंचविशीपर्यंत चालू दे, म्हणा. ही वर्षं एकदा गेली, की ना वय परत येतं, ना भरती.